बाटलीतला नमुना, शिवारातला नमुना
सातारा-सांगलीतल्या पदवीच्या रसायनशास्त्राचा आणि प्रयोगशाळांचा आढावा

बी.एस्सी.च्या भौतिक रसायनशास्त्रात साखरेचा एक जुना प्रयोग आहे. साखरेच्या द्रावणात आम्ल घालायचे, ते पोलरिमीटरच्या नळीत भरायचे आणि ठरावीक मिनिटांनी प्रकाशाचा कोन किती वळला ते टिपायचे. साखर प्रकाश उजवीकडे वळवते. तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागले की कोन हळूहळू घसरतो, शून्य ओलांडतो आणि डावीकडे जातो. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने याच प्रयोगातून रासायनिक अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा आकड्यात मांडला. सातारा-सांगलीतल्या विद्यार्थ्याच्या जर्नलात त्याचा आलेख असतो, त्यावर शिक्षकांची सही असते आणि वेग-स्थिरांक पुस्तकातल्या उत्तराशी जुळलेला असतो.

हाच पोलरिमीटर गळीत हंगामात साखराळे, रेठरे, वाळवा, भुईंज अशा ठिकाणच्या कारखान्यांतही वापरात असतो. तिथे २६ ग्रॅम नमुना १०० मिलिलिटरमध्ये विरघळवून २०० मिलिमीटर नळीत भरतात. नमुना शुद्ध साखरेचा असेल तर मोजपट्टी १०० दाखवते. ऊस तोडून फडात पडून राहिला की त्यातली साखर फुटू लागते. कॉलेजात ते काम आम्ल करते, उसात विकरे आणि जिवाणू करतात. नुकसान मात्र त्याच रेणूचे. बगॅस, प्रेसमड आणि मोलॅसिसमधून किती साखर निसटली हे लॅब केमिस्टच्या वहीतून कळते आणि शेवटी रिकव्हरीचा, म्हणजे उताऱ्याचा, आकडा त्यावर हलतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे ४० टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दशांश स्थळातल्या एका अंकाची किंमत १,३८४ रुपये होते.

कॉलेजची प्रयोगशाळा आणि कारखान्याची प्रयोगशाळा यांच्यात बऱ्याचदा दहा-पंधरा किलोमीटरचेही अंतर नसते. तरी पदवी हातात घेऊन कारखान्यात गेलेल्या मुलाला ब्रिक्स, पोल, प्युरिटी हे शब्द तिथे नव्याने शिकावे लागतात. साखरनिर्मिती अभ्यासक्रमात नाही असे नाही. डबल सल्फिटेशनची आकृती थिअरीच्या पेपरासाठी पाठ केलेली असते. फक्त प्रयोगाच्या टेबलावर ऊस कधी आलेला नसतो. या दोन जिल्ह्यांतल्या रसायन-शिक्षणाचा प्रश्न या फटीतून नीट दिसतो.

शिक्षणाची परंपरा इथे जुनी आहे. १९१९ या एका वर्षात या भागात दोन घटना घडल्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले आणि कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयतचे छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात १९४७ मध्ये, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिले. पुढे कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, फलटणचे मुधोजी, विट्याचे बळवंत, सांगलीचे कस्तुरबाई वालचंद, इस्लामपूर, तासगाव, जत, वाई असे विज्ञान शाखेचे जाळे तालुक्यांपर्यंत पसरले. विलिंग्डनने तर तीन विद्यापीठे पाहिली: आधी मुंबई, मग पुणे आणि १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. २०२१ मध्ये साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय या रयतच्या तीन संस्था मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. जतच्या किंवा माणच्या मुलीला पुण्या-मुंबईला न जाता रसायनशास्त्रात पदवी घेता येते, हे या जाळ्याचे श्रेय. त्याचे मोल कमी लेखून पुढचे काही बोलता येणार नाही.

मात्र जाळे पसरताना प्रयोगांची यादी तीच राहिली आणि ती यादी या मातीतली नाही.

विद्यार्थ्यांनी स्वतः हाताने विश्लेषण करून रसायनशास्त्र शिकावे ही पद्धत लीबिगने १८२४ नंतर जर्मनीतल्या गीसेनमध्ये रुजवली. त्याचा शिष्य फ्रेझेनियस याने १८४१ मध्ये अकार्बनी विश्लेषणाचे पुस्तक काढले. धातूंचे गट पाडून एकेक ओळखत जायची जी रीत आज ‘सॉल्ट ओळखणे’ म्हणून चालते, तिचे मूळ तिथे आहे. दुसऱ्या आणि चौथ्या गटासाठी हायड्रोजन सल्फाइड लागायचा, म्हणून किपचे उपकरण आले आणि सडक्या अंड्यांचा वास केमिस्ट्रीच्या मजल्याची ओळख होऊन बसला. विसाव्या शतकात व्होगेलची जाडजूड पुस्तके आली. विभागाच्या कपाटात आजही त्यांची एखादी कुरतडलेली प्रत सापडते. पहिल्या वर्षी टायट्रेशन आणि सॉल्ट, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक स्पॉटिंग, तिसऱ्या वर्षी डीएमजी वापरून निकेलचे ग्रॅव्हिमेट्री, अ‍ॅस्पिरिन किंवा अ‍ॅसिटॅनिलाइडसारखी तयारी, शिवाय कंडक्टोमीटर, पोटेन्शिओमीटर, कलरीमीटर: थोडाफार क्रम बदलला तरी पिढ्यान्‌पिढ्या चाललेला संच साधारण हाच.

हा संच वाईट नाही. एन्ड पॉइंटला ब्युरेटची तोटी अर्ध्या थेंबावर बंद करता येणे, अवक्षेप न सांडता धुता येणे, लॅसेनच्या चाचणीत सोडियमचा तुकडा न घाबरता आणि न धसमुसळेपणा करता हाताळणे ही हस्तकौशल्ये आहेत, आणि ती ज्याला येतात त्याला कुठलेही यंत्र शिकवता येते. अडचण आहे ती या कौशल्यांची परीक्षा ज्या रीतीने होते तिच्यात.

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत थिअरी सत्रनिहाय झाल्यावरही बरीच वर्षे प्रॅक्टिकलची परीक्षा वर्षअखेरीस एकदाच होत असे. परीक्षेला सर्टिफाइड जर्नल लागते. म्हणून वर्षभराचा जोर प्रयोगापेक्षा जर्नल पूर्ण करण्यावर जातो. उत्तर आधीच ठाऊक असते, कारण द्रावण विभागाने बनवलेले असते आणि मागच्या बॅचने आपले रीडिंग सांगितलेले असते. मग ९.८ आल्यावर ९.६ लिहायचे, आलेखाबाहेर पडलेला बिंदू ओढून रेषेवर आणायचा. विद्यार्थ्यांच्या भाषेत याला ‘रीडिंग जुळवणे’ म्हणतात आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. प्रश्नपत्रिकाच तसे करायला शिकवते: अपेक्षित आकड्याच्या जवळ जाणाऱ्याला पूर्ण गुण, दूर जाणाऱ्याला कमी. आपले रीडिंग का चुकले असेल, ब्युरेट नीट खंगाळली नव्हती की इंडिकेटर जास्त पडला, हे लिहिणाऱ्याला गुणांच्या तक्त्यात रकाना नसतो. एक्सटर्नल परीक्षकाची व्हायव्हा दोन-चार मिनिटांत आटोपते.

पोलरिमीटरच्या त्याच प्रयोगातली ही सवय विद्यार्थी कारखान्यात घेऊन गेला तर काय होते हे सांगायला नको. तिथले उत्तर कुणालाच आधी माहीत नसते.

दुसरा मुद्दा तासांचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा आणि प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा. दर सत्रात एका विषयाला प्रात्यक्षिकाचे २ क्रेडिट धरले, तर सहा सत्रांत ३६० तास होतात. अमेरिकन केमिकल सोसायटीने २०१५ च्या निकषांत प्राथमिक वर्षाचे प्रयोग सोडून ४०० तास मागितले होते. तफावत कागदावरच दिसते. शिवाय कागदावरचा तास आणि टेबलावरचा तास वेगळा असतो. हजेरी, काचसामान वाटप, एका डिजिटल वजनकाट्यासमोरची रांग, शेवटी धुणे-पुसणे आणि टेबल परत करणे यांत किती जातो हे प्रत्येक लॅब असिस्टंटला माहीत आहे. तीन-चार जणांच्या गटात एक जण टायट्रेशन करतो, दुसरा आकडे लिहितो आणि उरलेले पाहतात. त्या उरलेल्यांच्या गुणपत्रिकेवरही क्रेडिट तेवढेच पडते. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत तर अख्ख्या तुकड्यांनी व्हर्च्युअल लॅबच्या पडद्यावर माउसने ब्युरेट उघडली.

माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे. राज्यात अनुदानित महाविद्यालयांतली प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली आणि रिकाम्या जागा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी भरून काढल्या. त्यांतले अनेक पीएच.डी. झालेले, सेट-नेट उत्तीर्ण आणि शिकवायला उत्सुक असतात. परंतु तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाकडून द्रावण आधी करून पाहणे, नवा प्रयोग बसवणे, बिघडलेला पोटेन्शिओमीटर उघडून बघणे ही कामे अपेक्षित धरली जातात आणि मोजली जात नाहीत. लॅब असिस्टंट आणि अटेंडंट यांच्या जागाही अशाच मोकळ्या पडतात. कुठली बाटली कुठे आहे, कुठल्या आम्लाचा साठा जुना झाला आहे, कोणता बर्नर गळतो, हे ज्ञान निवृत्त होणाऱ्या अटेंडंटबरोबर निघून जाते.

सुरक्षिततेकडे पाहिले तर गेल्या दोन-तीन दशकांत सुधारणा नक्की झाली आहे. तोंडाने पिपेट ओढायची रीत मागे पडली, रबरी बल्ब आले, बेंझिनचा वापर घटला. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने हरित रसायनशास्त्राच्या प्रयोगांची पुस्तिका काढली. अ‍ॅसिटॅनिलाइडच्या ब्रोमिनेशनसाठी द्रवरूप ब्रोमीनऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरावे, असे बदल त्यात आहेत आणि ते अभ्यासक्रमांत उतरलेही. तरी चालू अवस्थेतला फ्यूम हूड ही ग्रामीण महाविद्यालयात सहज दिसणारी वस्तू नाही, आणि प्रयोग संपल्यावर क्रोमियमचे, शिशाचे द्रावण कुठे ओतायचे याचे उत्तर अनेकदा ‘बेसिन’ हेच असते. ज्या जिल्ह्यात कृष्णेतल्या मासेमृत्यूवर दर काही वर्षांनी आंदोलने होतात, तिथे हा धडा पदवीतच मिळायला हवा.

यंत्रांचे म्हणाल तर नोकरी देणारे एचपीएलसी विचारतात. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत किंवा दौंडजवळच्या कुरकुंभला जाणाऱ्या इथल्या मुलांना मुलाखतीत ‘कॉलम कोणता, मोबाइल फेज काय’ हा प्रश्न येतो. साताऱ्यातच खंडाळ्याला २०१३ मध्ये एशियन पेंट्सचा मोठा कारखाना सुरू झाला. रंगाची चिकटता आणि पीएच मोजायला तिथेही प्रशिक्षित हात लागतात. प्रत्येक महाविद्यालयाने एचपीएलसी घ्यावा हे मात्र शहाणपणाचे नाही. घेतलेले महाग यंत्र देखभालीच्या कराराअभावी प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून राहते, हे अनेक विभागांनी पाहिले आहे. कोल्हापूरला विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्र आहे. पदवीच्या बॅचला वर्षातून दोन दिवस तिथे स्वतः आणलेला नमुना चालवू दिला, तर पन्नास आकृत्या काढण्यापेक्षा जास्त काही शिकून होईल.

मग शिकायचे कशावर? या दोन जिल्ह्यांइतके प्रयोगाचे साहित्य घराबाहेर पडलेले ठिकाण शोधून सापडणार नाही.

हळद घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवत. २००५ च्या महापुराने ती व्यवस्था मोडली. हळदीचा भाव ठरवताना कुरकुमिनचे प्रमाण आता विचारले जाते. अल्कोहोलमध्ये अर्क काढून ४२५ नॅनोमीटरला शोषण मोजले की ते निघते, आणि त्यासाठी लागणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक विभागांत असतो. मेटॅनिल यलोची भेसळ हायड्रोक्लोरिक आम्लाने ओळखता येते: आम्ल घातल्यावर आलेला गुलाबी रंग पाणी घालूनही टिकला तर रंग बाहेरचा. गंमत अशी की सॉल्ट ओळखताना बोरेटसाठी हळदीचा कागद हे विद्यार्थी आधीपासून वापरत असतात, फक्त तो बाहेरून विकत आणलेला असतो.

तासगावच्या बेदाण्यात तर अख्खे सेंद्रिय रसायनशास्त्र आहे. द्राक्षावर मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी लवकर सुटत नाही. म्हणून लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथिल ओलिएट घातलेल्या द्रावणात घड बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात. शेतकरी त्याला ‘डिपिंग ऑइल’ म्हणतो. विद्यार्थ्याच्या वहीत ते एस्टर म्हणून असते. पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि बेदाण्यात उरलेला सल्फर डायऑक्साइड आयोडीनच्या टायट्रेशनने मोजता येतो. हे टायट्रेशन दुसऱ्या वर्षाच्या मुलाला येत असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपने नाकारली, तेव्हा अंश म्हणजे काय आणि तो कसा मोजतात हे बागायतदारांना एका रात्रीत शिकावे लागले होते.

दुधाचेही तसेच. गावच्या डेअरीत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे आकडे पोरासोरांना पाठ असतात. गर्बर पद्धतीत तीव्र गंधकाम्ल प्रथिने विरघळवते, अमाइल अल्कोहोल फॅट मोकळे करायला मदत करते आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ते वर येते. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र काही सेकंदांत आकडा देते. त्या यंत्राचा आकडा गर्बरशी ताडून पाहणे हा पदवीच्या प्रकल्पाला शोभणारा आणि गावाला उपयोगी पडणारा विषय आहे.

आणि क्षारपड. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत अति पाण्याने जमिनी बिघडल्या. जमीन नुसती क्षारयुक्त आहे की चोपण, हे डोळ्यांनी नेहमी कळत नाही. पीएच, विद्युतवाहकता आणि सोडियमचे प्रमाण मोजावे लागते. चोपण जमिनीला जिप्सम लागू पडते. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्समचा खर्च वाया जातो, तिथे निचरा हवा. पीएच मीटर, कंडक्टोमीटर आणि फ्लेम फोटोमीटर ही तिन्ही उपकरणे पदवीच्या यादीत आहेत. आटपाडी, जत, माण, खटावच्या विहिरींतल्या पाण्याची कठीणता ईडीटीएने मोजून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅमच्या इष्ट आणि ६०० च्या कमाल मर्यादेशी ताडणे तर पहिल्या वर्षातच जमेल.

यावर एक आक्षेप अनुभवी शिक्षक घेतात आणि तो खरा आहे. शिवारातला नमुना घाण असतो. मातीच्या अर्कात दहा गोष्टी असतात, बेदाण्याचा चिकट रस एन्ड पॉइंट झाकतो, उसाचा रस निवळल्याशिवाय पोलरिमीटरमध्ये काही दिसत नाही आणि निवळायला कारखान्यात पूर्वापार शिशाचे क्षार वापरतात. ज्याला अजून शुद्ध द्रावणाचे टायट्रेशन येत नाही, त्याच्या हाती असा नमुना दिला तर तो गोंधळेल. म्हणून बाटलीतला नमुना आधी, शिवारातला नंतर, हा क्रम बरोबर. सध्या अडचण एवढीच की ‘नंतर’ येण्याआधी तीन वर्षे संपतात.

नव्या रचनेने त्यासाठी जागा ठेवली आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात क्षेत्र प्रकल्प आहे, समुदाय सहभाग आहे आणि सहाव्या सत्रात ४ क्रेडिटचे, म्हणजे १२० तासांचे, कार्यस्थळ प्रशिक्षण आहे. सगळे त्याला ओजेटी म्हणतात. कागदावर पाहता कारखान्याची प्रयोगशाळा आता अभ्यासक्रमाचा भाग झाली आहे. सहावे सत्र हिवाळ्यानंतर चालते आणि गळीत हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. वेळापत्रक महिनाभर पुढे सरकले तर विद्यार्थी बंद कारखान्यात पोहोचतो. बेदाण्याचा हंगामही फेब्रुवारी-मार्चचा. शिवाय एका तालुक्यातल्या सगळ्या विज्ञान महाविद्यालयांची मुले एकाच वेळी दोन-तीन कारखान्यांच्या दारात उभी राहिली, तर प्रमाणपत्र मिळेल, काम मिळणार नाही. सत्राची तारीख विद्यापीठ ठरवते, हंगामाची तारीख सरकार ठरवते. या दोन कॅलेंडरांची सांगड घालण्याचे काम अजून कुणाच्या नावावर नाही.

भाषेची बाजूही राहते. यातली बहुसंख्य मुले मराठी शाळांतून आलेली असतात, व्याख्यान इंग्रजीत होते आणि प्रयोगशाळेतल्या शंका मराठीत विचारल्या जातात. सातारा जिल्ह्यात मराठीतून रसायनशास्त्र लिहिण्याचे मोठे काम झालेलेही आहे: वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि त्याच्या खंडांत मूलद्रव्यांपासून साखर उद्योगापर्यंतच्या सविस्तर नोंदी आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयात ते खंड असतात. जर्नलच्या संदर्भांत ते फारसे येत नाहीत.

संलग्न महाविद्यालयांत २०२४ मध्ये आलेली तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात तीन वर्षांची पदवी घेईल. सहा सत्रांत ७५ टक्के गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येईल आणि तेव्हा प्रत्येक विभागाला मार्गदर्शक, विषय आणि रसायनांचा खर्च यांची सोय करावी लागेल. ज्या विभागांनी तोवर गावाच्या विहिरींचे, मातीचे, हळदीचे तीन वर्षांचे आकडे तारखेसह नोंदवून ठेवले असतील, त्यांच्याकडे विषय तयार असतील. इतरांना ते पुन्हा व्होगेलमधून शोधावे लागतील.